‘नाही’वरचा ओरखडा

बेथनी गॅपमधला माणूस जिवंतपणी मास झेफच्या खोक्यासमोर नाचतो आणि मेल्यावर मास झेफच्याच खोक्यात जातो, असं तिथं म्हणतात. यात फुगवून सांगितलेलं काही नाही. ‘मास’ ही वडीलधाऱ्याला मारायची हाक; खरं नाव झेफनाया डंकली, गावचा एकुलता एक सुतार. दारं, खिडक्या, पाळणे, शवपेट्या सगळं तोच करायचा, आणि उरलेल्या फळ्यांतून त्यानं कपाटाएवढी दोन स्पीकरची खोकी केली होती. त्या खोक्यांना, एका रेकॉर्ड प्लेअरला आणि ट्रकच्या बॅटरीला मिळून नाव होतं ‘माउंटन ट्रम्पेट’. क्लॅरेंडनच्या डोंगरात वीज पोचायच्या आधीपासून माउंटन ट्रम्पेट वाजत होता. वीज आल्यावर बॅटरी गेली, एवढाच फरक.

त्याच्यापाशी रेकॉर्डी तशा पुष्कळ होत्या, पण गाव ओळखायचं ती एकीला. ‘कोरड्या नदीची स्तोत्रं’. गिलियड नावाचे तिघे गायचे, त्यांची. कव्हरावर ते तिघे आटलेल्या नदीच्या गोट्यांवर बसलेत, आणि मधल्याचं तोंड असं, की आत्ताच त्याला कुणीतरी वाईट बातमी सांगितलीय आणि ती त्याला आधीच ठाऊक होती. झेफ शहात्तर साली चर्चच्या खिडक्यांसाठी कड्या-कोयंडे आणायला किंग्स्टनला गेला, आणि येताना ही रेकॉर्ड घेऊन आला. त्या वर्षी मेथडिस्ट चर्चच्या खिडक्या बिनकड्यांच्याच राहिल्या. पाद्री महिनाभर त्याच्याशी बोलला नाही, आणि मग एका रविवारी झेफच्या फाटकाशी उभा राहून त्यानं दुसरी बाजू पूर्ण ऐकली. खिडक्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

काय होतं त्या रेकॉर्डीत? मला विचाराल तर घाई नव्हती. ढोल आणि बेस असे चालायचे, की दिवसभर मळ्यात राबलेला माणूस संध्याकाळी चढण चढतोय. थकलाय, पण घर त्याला ठाऊक आहे. वर तिघांचे आवाज. दोघं सरळ गायचे आणि तिसरा कुठंतरी उंचावर, तुटेल तुटेल असं वाटायला लावायचा आणि तुटायचा नाही. आठ गाणी. त्यांवर बेथनी गॅपमधली पोरं अंघोळीला बसली, शेंगा सोलून झाल्या, लग्नं जमली, दोन तरी मोडली. शेजारची मिस क्लेमी म्हणजे डोक्याला पांढरं फडकं बांधून देवाला हाका मारणारी बाई, केस वाढवून गांजा ओढणाऱ्या रास्ता मंडळींचं तिला वावडं. पण ही रेकॉर्ड लागली की तीही हातातलं काम थांबवायची. “गाणं देवाचंच आहे,” ती म्हणायची. “जरा केस वाढलेत, इतकंच.”

तर आणल्यावर आठवडाही झाला नसेल, झेफनं अंगणातल्या नीरफणसाच्या झाडाखाली प्लेअर मांडला होता. पहिल्या बाजूचं तिसरं गाणं चालू असताना वरून एक पिकला नीरफणस सुटला आणि नेमका प्लेअरवर पडला. सुई खरवडत गेली. झेफनं रेकॉर्ड शर्टानं पुसली, पुन्हा लावली, आणि सगळं ठीक वाजलं. फक्त एका जागी सुई टुणकन उडी मारायची.

ती जागा अशी. गाण्यातला माणूस मालकाच्या उसाच्या फडातून निघालाय. तो म्हणतो,

निघालो रे, निघालो रे,
कोयता टाकून निघालो रे,
वाट लांब, नदी कोरडी,
परत येणार नाही.

शेवटचा तो ‘नाही’ तिघं मिळून लांब ओढायचे, आणि मग ट्रम्पेट सुरू व्हायचा. ओरखडा बरोबर त्या ‘नाही’वर पडला. झेफची सुई ‘परत येणार’वरून जी उडायची ती थेट ट्रम्पेटवर. मालकाला पाठ दाखवून निघालेल्या माणसाचं गाणं होतं. एका नीरफणसानं ते घरी परत यायचं गाणं करून टाकलं.

ते गाणं धडधाकट असताना नीट ऐकलेला माणूस गावात एकच, खुद्द झेफ. त्याची बायको आयसिलिन तेव्हा पहिल्या बाळंतपणाला आईकडं गेली होती. बाकी सगळ्यांनी ते शिकून घेतलं ते उडीसकट. कुणी किंग्स्टनला जाऊन यायचा आणि सांगायचा, “अरे, तिकडं ‘नाही’ म्हणतात!” त्यावर गावाचं उत्तर तयार असायचं: “तिकडची व्हर्जन वेगळी असेल.” आमच्याकडं एकेका गाण्याच्या दहा-दहा व्हर्जन निघतात, कुणी बोल काढतो, कुणी नवे घालतो. त्यामुळं आपली ती पहिली आणि अस्सल, बाकीच्यांनी मागाहून ‘नाही’ घुसडला, यावर बेथनी गॅपचा देवाइतकाच विश्वास होता. रेडिओवर ऐकू आलं तरी म्हणायचे, रेडिओवाल्यांना अक्कल कुठली.

आणि मग त्याचा रिवाज झाला. मिस क्लेमीचा भाऊ फ्लोरिडाला ऊस तोडायला चालला होता. त्यानं सहज झेफला म्हटलं, “ते कोयता टाकून निघालो लाव की.” झेफनं खोकं फाटकाशी आणलं, भावानं गाडीत चढता चढता ‘परत येणार’ म्हणून आरोळी ठोकली, आणि हंगाम संपल्यावर तो खरंच परत आला, वर डोक्यावर फ्रिज घेऊन. झालं. तिथून पुढं बेथनी गॅपमधून कुणीही परदेशी निघालं, की झेफनं फाटकाशी खोकं न्यायचं, गाणं लावायचं, आणि जाणाऱ्यानं फाटकाला हात लावून ती ओळ म्हणायची. जे परत आले ते गाण्यामुळं आले. जे आले नाहीत त्यांच्यासाठी कारणं होती. एकाच्या तोंडात म्हणे पाव होता. एकानं फाटकाला डावा हात लावला.

आयसिलिनचं कारण मात्र झेफसमोर कुणी काढायचं नाही. त्यांची एकुलती एक मुलगी डॉरेट चार वर्षांची असताना ती टोरांटोला घरकामासाठी गेली. फाटकाला उजवा हात लावून, डोळे पुसत, स्वच्छ आवाजात ‘परत येणार’ म्हणून गेली. सुरुवातीला निळी पिंपं यायची, कपडे, तांदूळ, साबण, डब्यातलं मटण भरलेली. मग पिंपं थांबली. मग पत्रं. मग तिनं तिकडं दुसरं घर केल्याचं कळलं, आणि तेही मे पेनच्या बाजारात, दुसऱ्याच कुणाकडून.

झेफनं पोरगी वाढवली. रविवारी चर्च सुटलं की तिला पायाशी बसवून तिच्या वेण्या घालायचा. पहिल्या बाजूला अर्धं डोकं, रेकॉर्ड उलटली की उरलेलं अर्धं. सुताराचे हात, वेण्या अशा घट्ट बसायच्या की पोरीच्या भुवया वर जायच्या. शाळेत तिला ‘दचकलेली डॉरेट’ म्हणायचे. पण ती शिकली, मँडेविलच्या कॉलेजातून मास्तरीण होऊन आली, आणि पाच मैलांवरच्या शाळेत पोरांची शुद्धलेखनं तपासायला लागली. चूक दिसली की तिला राहवायचं नाही. दुकानाच्या पाटीवरची चूकसुद्धा ती खडूनं दुरुस्त करून यायची.

न्यूयॉर्कवाले शिक्षक भरती करायला आले, तेव्हा तिची निवड होणार हे सगळ्यांना दिसत होतं, एकट्या झेफला सोडून. गुरुवारी निघायचं ठरलं.

आधीच्या रविवारी दुपारी नारळाच्या दुधातला भात आणि कोंबडी जेवून झाल्यावर झेफ ओसरीत खोक्यांच्या जाळ्या पुसत बसला होता. डॉरेट बाहेर आली.

“पापा, हे कशाला काढलंत?”

“गुरुवारी लागेल ना. धूळ बसलीय केवढी.”

“गुरुवारी फाटकाशी काही नको.”

“काही नको म्हणजे?”

“गाणं नको. मी म्हणणार नाही.”

झेफ हसला. “आवाजाचं म्हणतेस होय? अगं, तुझा आवाज फाटका आहे हे अख्ख्या गॅपला ठाऊक आहे. कुणी नावं ठेवणार नाही.”

“गाणं तसं नाहीये, पापा.” ती पायरीवर बसली. “मँडेविलला पहिल्याच वर्षी मैदानात नाच होता. आपली स्तोत्रं लागली. मला केवढा आनंद झाला! ती ओळ आली आणि सगळं मैदान म्हणालं, ‘परत येणार नाही.’ मी एकटीच ‘परत येणार’ म्हणून ओरडले, आणि त्यांच्या ‘नाही’वर तोंडानं ट्रम्पेट वाजवला. वर्षभर मला ट्रम्पेट म्हणून हाक मारायचे.”

“ती वेगळी व्हर्जन असेल...”

“पापा.”

झेफनं फडकं खाली ठेवलं.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“ओरखडा माझ्या डोळ्यांदेखत पडला. मला नाही तर कुणाला माहीत असणार?”

“आई गेली तेव्हाही?”

“तेव्हाही.”

“मग तिला ते म्हणू कसं दिलंत?”

“मला ऐकायचं होतं,” तो म्हणाला. “तिच्या तोंडून.”

“तिनं म्हटलं की. तुम्ही मागितलं, गावानं मागितलं, तिनं देऊन टाकलं. आणि तिकडं गेल्यावर कुठंतरी तिला खरी रेकॉर्ड ऐकायला मिळाली असणार.”

हे बोलून गेल्यावर तिलाच वाईट वाटलं. झेफचं तोंड त्या कव्हरावरच्या मधल्या माणसासारखं झालं होतं.

“मी येईन की नाही, मला खरंच ठाऊक नाही,” ती हळू आवाजात म्हणाली. “तिथं जमेल, नाही जमेल. आवडेल, नाही आवडेल. जे ठाऊक नाही ते तुम्हाला फाटकाशी उभी राहून कशी सांगू? मला मुकाट जाऊ द्या, पापा.”

झेफनं फडकं उचलून जाळी पुन्हा पुसायला घेतली. दुसऱ्या दिवशी तो दाराची फळी रंधायला बसला आणि इतका वेळ रंधत राहिला की फळीची पट्टी झाली. त्याला राग आला होता. इतकी वर्षं ज्या पोरीच्या वेण्या घातल्या, जेवण रांधलं, तिच्याकडं त्यानं मागितलं काय, तर एक शब्द. तोही तिला जड झाला! मग राग ओसरला आणि भीती राहिली. शब्द न देता गेलेलं माणूस धरून ठेवायचं तरी कशानं? आयसिलिन निदान शब्द देऊन गेली होती. त्या शब्दाच्या आधारावर त्यानं कितीतरी रविवार ढकलले होते.

मिस क्लेमी भाजलेला नीरफणस घेऊन आली, पोरीनं बरोबर न्यावा म्हणून. तिला सगळं कळलेलं होतंच. त्या दोन घरांमधलं कुंपण पत्र्याचं आहे.

“मी समजावते तिला,” ती म्हणाली. “न म्हणता गेली तर संपलंच, मास झेफ. लिहून ठेवा.”

“म्हणून गेलेली तरी कुठं आली, क्लेमी?”

इतक्या वर्षांत हे झेफनं पहिल्यांदाच तोंडानं काढलं. मिस क्लेमी नीरफणस बाकावर ठेवून खाली बसली.

“तिचा त्या दिवशी घसा बसला होता,” ती पुटपुटली.

“घसा चांगला होता. मनात नव्हतं. आपण सगळे फाटक अडवून उभे, पोरगी माझ्या कडेवर. म्हणाली नसती तर गाडीत कशी बसली असती? पोरगी म्हणते ते खरं आहे. मी शब्द मागून घेतला तिच्याकडून.” त्यानं पट्टी उचलून पाहिली आणि कोपऱ्यात भिरकावली. “ही कशाच्या कामाची नाही आता.”

मंगळवारी सकाळी त्यानं चांगला शर्ट घातला, एक मोठं पिवळं कोनफळ खांद्यावर टाकलं आणि डोंगर उतरून नदीकाठच्या गावात क्लॉविसच्या दुकानात गेला. हे सोपं नव्हतं. क्लॉविसचा ‘रॉयल थंडर’ आणि झेफचा माउंटन ट्रम्पेट यांचं जन्माचं वैर. क्लॉविसपाशीही ‘कोरड्या नदीची स्तोत्रं’ होती, आणि तिला साधा बोटाचा डागही नव्हता. त्या ‘नाही’वरून दोन्ही गावांची एकदा क्रिकेटच्या सामन्यात जुंपली होती. सामना अर्धवट राहिला. बॅट मात्र पूर्ण कामाला आली.

“कोण, मास झेफ?” क्लॉविस गल्ल्यामागून म्हणाला. “आज नदी उलटी वाहतेय की काय?”

“बस म्हणशील, की उभ्यानं बोलू?”

“बस, बस. कोनफळ आणलंय? विष घातलेलं नाही ना?”

“घालणार होतो, पण कोनफळ वाया गेलं असतं. क्लॉविस, मला तुझी ‘स्तोत्रं’ हवीय. गुरुवारी सकाळपुरती.”

क्लॉविसनं चष्मा वर केला. “तुझी कुठं गेली? फुटली?”

“आहे.”

“मग?”

“माझ्या रेकॉर्डीत एक शब्द कमी आहे.”

क्लॉविस आधी बघतच राहिला. मग असा हसला की त्याला गल्ला धरावा लागला. “अगं ए, बाहेर ये!” त्यानं आतल्या बायकोला हाक मारली. “बेथनी गॅपला ‘नाही’ उसना हवाय!”

झेफनं हसू दिलं. तो हसेल हे धरूनच आला होता. हसणं थांबल्यावर त्यानं सांगितलं, की डॉरेट गुरुवारी चाललीय, आणि तिला आपलं गाणं म्हणायचं नाहीये, आणि का म्हणायचं नाहीये. आयसिलिनचं नावही घेतलं. क्लॉविसनं चष्मा काढून उगाचच पुसला.

“पोरीला मोकळी करतोयस होय,” तो म्हणाला.

“तसंच म्हण.”

“देतो. पण मी स्वतः घेऊन येईन. तुझ्या दारात ते झाड आहे.”

गुरुवारी सकाळी टॅक्सी फाटकाशी लागली तेव्हा अख्खं गाव जमलेलं. दोन्ही खोकी बाहेर मांडलेली बघून डॉरेटनं हातातली बॅग खाली आदळली.

“पापा, मी सांगितलं होतं!”

“हो, सांगितलं होतंस. तू गाऊ नकोस. नुसतं ऐक.”

क्लॉविसनं टॉवेलात गुंडाळलेल्या कव्हरातून रेकॉर्ड काढली. त्याला तिथं बघून लोकांत कुजबुज झाली. झेफनं सुई ठेवली. ढोल, बेस, मग तिघांचे आवाज. ओरखड्याची खरखर नाही, काही नाही, तिघं जणू आत्ताच नदीतून वर आलेत. लोक डोलायला लागले. कोयता टाकून निघालो रे, वाट लांब, नदी कोरडी, आणि सगळा गाव एका सुरात ‘परत येणार!’ म्हणून सवयीनं ट्रम्पेटात शिरला. पण ट्रम्पेट आलाच नाही. खोक्यांतून आला तो ‘नाही’, लांबच लांब, स्वच्छ. पावलं चुकली. दोघं-तिघं एकमेकांवर आदळले.

“बंद कर ते!” मिस क्लेमी ओरडली. “पोर दारात उभी आणि असलं अभद्र! हे त्या क्लॉविसचं काम आहे!”

“खरं गाणं हेच आहे,” झेफ म्हणाला. त्याचा आवाज मोठा नव्हता, पण लोक गप्प झाले. “आपल्या रेकॉर्डीवर नीरफणस पडला होता, म्हणून तो शब्द ऐकू येत नव्हता. मला पहिल्यापासून ठाऊक होतं.” मग तो डॉरेटकडं वळला. “तुझ्या आईकडून मी शब्द मागून घेतला. तुझ्याकडून नाही घेत. तिथं बरं वाटलं तर राहा. नाही वाटलं तर हे घर आहेच. आता जा, उशीर होईल.”

डॉरेटनं त्याच्या गळ्यात हात टाकले. बराच वेळ तसेच ठेवले. मग डोळे पुसत बॅग उचलली, टॅक्सीचं दार उघडलं, एक पाय आत टाकला, आणि तशीच थांबली. ती उलटी फिरली, फाटकापाशी आली आणि तळहातानं पत्र्यावर थाडथाड तीन-चार थापा मारल्या.

आमच्याकडं गाणं मनासारखं लागलं की लोक कुंपणाच्या पत्र्यावर अशी थाप मारतात, आणि थाप पडली की वाजवणाऱ्यानं सुई उचलून गाणं पहिल्यापासून लावायचं. तो मग कितीही मोठा असो. क्लॉविस लगबगीनं रेकॉर्डीकडं वाकला.

“ती नको, मिस्टर क्लॉविस,” डॉरेट म्हणाली. “पापा, आपली लावा.”

“आपली? अगं, तुला खोटं म्हणायचं नव्हतं ना?”

“रविवारी तुम्ही मागत होतात. मागितलं म्हणून दिलं असतं तर ते आईसारखंच झालं असतं. आता कुणी मागत नाहीये.” तिनं नाक पुसलं. “लावा लवकर. टॅक्सीवाला कावलाय.”

झेफनं आपली रेकॉर्ड शर्टानं पुसून लावली. सुई जागेवर ठेवायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. खरखर, ढोल, बेस. कुणी ठरवलं नव्हतं, पण ती ओळ जवळ आली तसे सगळे गप्प झाले. मिस क्लेमीनं तर तोंडावर हात दाबून धरला. आणि दचकलेल्या डॉरेटनं आपल्या त्या फाटक्या, शाळेच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात, एकटीनं, सुराची पर्वा न करता म्हटलं: “परत येणार!” सुई उडाली, ट्रम्पेट आला.

टॅक्सी उताराला लागून दिसेनाशी झाली तरी गाणं चालूच होतं. लोक हळूहळू पांगले. क्लॉविस आपली रेकॉर्ड टॉवेलात गुंडाळायची सोडून झेफच्या रेकॉर्डीकडं बघत उभा होता.

“माझा धाकटा पुढच्या महिन्यात इंग्लंडला चाललाय,” तो खाकरून म्हणाला. “तुझी ती खरवडलेली एक दिवस देशील?”

“नेशील तेव्हा ने,” झेफ म्हणाला. “पण आधी तुझी वाजव.”

क्लॉविसनं मान डोलावली आणि टोपी घालून उतरणीला लागला. जाताना आपली रेकॉर्ड तिथंच विसरला.

मिस क्लेमी फाटकाला टेकून रस्त्याकडं बघत होती. “आणि नाही आली तर, मास झेफ?”

“नाही आली तर नाही आली,” तो म्हणाला. “ऐकलंस ना पण? मी मागितलं नव्हतं, क्लेमी. तिनं आपणहून म्हटलं.”

एवढं बोलून तो खोक्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मिस क्लेमीनं त्याला रडू दिलं. शेवटी सुई उचलून दोन्ही रेकॉर्डी कव्हरांत घालायचं काम तिलाच करावं लागलं, आणि घाईत तिनं ह्याची त्यात आणि त्याची ह्यात घातली.